'जोपर्यंत' या शब्दाची किंमत

बँकेतल्या नोकरीने मला एक खोड लावली. कागद समोर आला की रक्कम नंतर पाहायची, आधी अटी वाचायच्या. निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलाने आम्हा दोघांना अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेले, तेव्हाही ती आडवी आलीच.

उद्यान देखणे आहे, यात वाद नाही. 'गोइंग टू द सन' नावाचा घाटरस्ता कड्याला बिलगून लोगन खिंडीपर्यंत चढतो. खिंडीत मोटारींपासून हाकेच्या अंतरावर पांढऱ्या लोकरीच्या डोंगरी शेळ्या निवांत चरत होत्या. सौ. म्हणाली, "यांना इथून कुणी हाकलत नाही वाटतं!"

शेळ्यांना नाही. पण उद्यानाचा पूर्वेकडचा भाग १८९५ पर्यंत ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचा होता. त्यांची राखीव भूमी आज उद्यानाला लागून आहे. बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद, हेच त्यांचे अन्न, पांघरूण आणि तंबू. कातड्यांच्या व्यापारात त्याचा फडशा पडला आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात जमातीतली शेकडो माणसे उपासमारीने मेली. अशा नडलेल्या लोकांकडे सरकार डोंगर विकत मागायला आले. डोंगरात सोने-तांबे असल्याची बोलवा होती. जमातीने तीस लाख डॉलर मागितले. सौदा पंधरा लाखांवर ठरला. अडलेल्याचा माल कसा निम्म्या भावात जातो, हे मी काउंटरच्या या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे. सोने-तांबे पुढे फारसे निघालेच नाही.

विक्री करताना जमातीने शिकारीचा, मासेमारीचा आणि लाकूड तोडण्याचा हक्क मात्र राखून ठेवला होता. कधीपर्यंत? जोपर्यंत ही जमीन अमेरिकेची सार्वजनिक जमीन राहील तोपर्यंत. १९१० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९३५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की उद्यान झाले तेव्हाच तो हक्क संपला. सगळ्या जनतेसाठी खुले केलेले उद्यान सार्वजनिक जमीन नव्हे! मी ते दोनदा वाचले.

खरेदीला आलेल्या तीन आयुक्तांपैकी एक जॉर्ज बर्ड ग्रिनेल. या उद्यानासाठी पुढे खटपट करणाराही तोच. माणूस वाईट नव्हता. येलोस्टोनमधले उरलेसुरले बायसन वाचावेत म्हणून तो झगडला होता. त्याच्या नावाची हिमनदी इथे आहे. रेल्वे कंपनीने तर कमालच केली. ब्लॅकफीटांनाच 'ग्लेशियर पार्क इंडियन' म्हणून जाहिरातींत छापले आणि प्रवाशांच्या स्वागताला उभे केले.

मात्र २०१६ मध्ये जमातीने कॅनडाच्या एल्क आयलंड उद्यानातून बायसनची वासरे आणली. १८७० च्या दशकात याच मुलखातून नेलेल्या वासरांचे ते वंशज. जून २०२३ मध्ये त्यांच्या कळपातले काही बायसन जमातीने उद्यानाच्या सीमेवर, त्यांना पवित्र असलेल्या चीफ माउंटनच्या पायथ्याशी मोकळे सोडले.

परतताना आम्ही त्या डोंगरासमोर तासभर थांबलो. एकही बायसन दिसला नाही.

"आजोबा, ते हद्द ओलांडून उद्यानात गेले असतील का?" नातवाने विचारले.

"गेले असतील तर बरंच झालं," मी म्हणालो. "त्यांनी कुठल्या कागदावर अंगठा दिलेला नाही."