राजाच्या मापाचे पोलाद

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपच्या दरबारी स्पर्धांसाठी घडवलेले चिलखत रणांगणावरच्या चिलखताहून वेगळे असे. त्याचा घाट खेळाचे नियम ठरवत. भाल्याच्या लढतीत दोन्ही घोडेस्वार मधल्या कुंपणाच्या दोन अंगांनी, एकमेकांना डाव्या हाताला ठेवून दौडत. म्हणून डाव्या खांद्यावर आणि छातीवर जादा पत्रे चढवीत. पायी द्वंद्वात मात्र वार कुठूनही येई, आणि तिथे कारागिराचा खरा कस लागे.

त्या कसबाचा सर्वोत्तम नमुना 1520 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी घडला. त्या जूनमध्ये कॅलेजवळ फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसशी भेट आणि स्पर्धा ठरल्या होत्या. परदेशी कारागीर आणून हेन्रीने उभारलेल्या शाही कार्यशाळेने हे काम हाती घेतले. चिलखताचे तुकडे 235, वजन 42 किलोंच्या वर. काख, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, नितंब या जागा एरवी कड्यांच्या जाळीवर भागवल्या जात. इथे त्याही अरुंद पोलादी पट्ट्यांनी बंद केल्या आहेत. एका पट्टीची कड दुसरीवर चढते, रिव्हेट आपल्या खाचेत सरकतात आणि कोळंबीच्या पाठीसारखा सांधा वाकतो, पण मध्ये फट पडत नाही. विसाव्या शतकात अमेरिकी अंतराळ-पोशाखावर काम करणाऱ्या अभियंत्यांनी हे सांधे अभ्यासले, यात नवल नाही.

काम संपण्याआधीच फ्रेंचांनी नियम बदलले. पायी लढतीसाठी कमरेखाली घेरदार पोलादी झगा आणि मोठे शिरस्त्राण घालावे, असे ठरले. चिलखत तसेच अर्धवट राहिले. त्याला झिलई मिळाली नाही, नक्षीही नाही. पत्र्यावर हातोड्याचे घाव अजून दिसतात. घडणीचा अभ्यास करणाऱ्याला याहून मोलाचा पुरावा मिळणे कठीण.

हाती जेमतेम तीन महिने होते. नव्या चिलखतासाठी जुने भाग जुळवून घेतले. शिरस्त्राणही आधीचेच, फेरफार केलेले. ही घाई झाकली नक्षीने. पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यात चित्र कोरत, मग उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल सोडत. आम्ल खाईल तेवढी रेघ खोल उतरे. या पद्धतीने सेंट जॉर्ज, बालयेशूसह मेरी आणि ट्यूडर गुलाब उमटवले. गळ्याभोवती गार्टर सन्मानाची माळ आणि डाव्या पायावर त्याचा पट्टाही कोरला. आज दोन्ही चिलखते इंग्लंडच्या रॉयल आर्मरीज संग्रहात आहेत.