उंबरखिंड : कोंडी आणि मोकळी वाट

फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंडे घाट उतरून चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिरला. अरुंद पायवाटेवर फौजेची संख्याच ओझे ठरली : पुढच्यांना पसरता येईना, मागच्यांना परतता येईना. शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडे रोखली आणि झाडीतून मारा सुरू झाला. ‘शिवभारत’कार परमानंद तहानेने कासावीस झालेल्या सैन्याचेही वर्णन करतो. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने अभय मागितले. महाराजांनी खंडणी घेऊन वाट दिली. कत्तल सहज शक्य होती. पण शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून होता, तेव्हा मावळ्यांचे प्राण आणि पैका दोन्ही मोलाचे होते. शत्रूला कोठे कोंडावे याइतकेच कधी सोडावे, हेही गनिमी काव्याचेच अंग.