सांडपाण्याचा धनी कोण?

नळाला पाणी आले नाही, तर घरातील लहानथोर सारे त्याची चौकशी करतात. मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ते वाहते तोवर कोणाचेच नसते, आणि तुंबले म्हणजे प्रत्येकाला ते दुसऱ्याचे वाटू लागते. घरमालक पालिकेकडे बोट दाखवितो, पालिका जलमंडळाकडे, आणि जलमंडळ पुन्हा घरमालकाकडे. ही टोलवाटोलवी चालू असता घाण दारातच साचून राहते. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा या भागाच्या उदाहरणाने ते स्पष्ट होईल.

महादेवपुऱ्याला एके काळी स्वतःची नगरपालिका होती. २००७ साली ती बेंगळुरू महानगरात विलीन झाली. २ सप्टेंबर २०२५ पासून महानगराचा कारभार पाच पालिकांत वाटला गेला, आणि हा भाग बेंगळुरू पूर्व पालिकेकडे आला. व्हाइटफील्डच्या संगणक उद्योगामुळे येथील शेतांवर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी घरे आधी आली आणि गटारे मागाहून. अशा वस्तीत जबाबदारीच्या सीमा पुसट होणे स्वाभाविकच होते.

त्या सीमा मुख्यतः तीन आहेत. पहिली घराची. न्हाणीघर, संडास व स्वयंपाकघर यांतून निघालेली नळी सार्वजनिक मलवाहिनीस मिळेपर्यंत तिची निगा मालकाने राखावयाची. इमारत अनेकांची असेल, तर हे काम रहिवाशांच्या संघाचे. जेथे मलवाहिनी नाही तेथे मलकुंडही मालकाचेच. दुसरी सीमा रस्त्याखालच्या मलवाहिनीची. ती १९६४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे आहे. तिसरी पावसाच्या पाण्याच्या नाल्यांची. मोठ्या नाल्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. ते मंडळाकडे नसून नागरी प्रशासनाकडे असतात.

तेव्हा तक्रार करण्यापूर्वी अडथळा कोठे आहे हे पाहावे. एकाच घराची मोरी तुंबली असेल, तर दोष बहुधा त्या घराच्या नळीत असतो. ओळीने अनेक घरांत पाणी उलटे येऊ लागले किंवा रस्त्यावरचे मॅनहोल वाहू लागले, तर दोष मुख्य वाहिनीत समजावा आणि मंडळास १९१६ या क्रमांकावर कळवावे.

परंतु या तीन सीमा माणसेच मोडतात. गच्चीवरचे पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडले, तर पहिल्याच जोरदार सरीला ती उफाळते. उलट, मलकुंडाचा निचरा गुपचूप पावसाच्या नाल्यात सोडला, तर ती घाण थेट तळ्यात जाते. बेंगळुरूच्या पूर्व उताराचे बरेचसे पाणी बेळ्ळंदूर व वर्तूर या तळ्यांतून दक्षिण पिनाकिनी नदीकडे वाहते. सांडपाण्याने भरलेल्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेसाचे डोंगर उठले, आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षी तेथे आगही भडकल्याचे साऱ्या देशाने पाहिले. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत नाल्यांवरील अतिक्रमणांचा परिणामही महादेवपुऱ्याने भोगला. श्रीमंतांच्या बंगल्यांतून लोकांना नावांत बसवून बाहेर काढावे लागले. पाणी उताराचा नियम पाळते. ते कोणाचा दर्जा विचारीत नाही.

याहून गंभीर गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. मलकुंडात व मलवाहिनीत विषारी वायू साठतात. त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असते. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते, आणि आत उतरलेल्यास धोका कळतही नाही. म्हणून २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने व सुरक्षिततेची तजवीज यांवाचून कोणालाही असे काम करावयास लावणे गुन्हा ठरविले. ही बंदी केवळ सरकारी खात्यांना नाही. थोड्या रोख पैशांवर माणूस बोलावून त्याला खाली उतरविणारा घरमालकही तिच्या कक्षेत येतो. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. परंतु गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही.

मलकुंड उपसावयाचे तर यंत्राची गाडी मागवावी, आणि ती भरून गेल्यावर कोठे रिकामी होणार हेही विचारावे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, आपल्या आवारातील चेंबरची झाकणे उघडून तपासणी करवून घ्यावी. मोरीत तेलकट खरकटे व चिंध्या टाकू नयेत. ही कामे क्षुल्लक दिसतात, परंतु सार्वजनिक व्यवस्थेकडे हक्काने दाद मागण्याचा अधिकार त्यांतूनच येतो. स्वतःच्या उंबरठ्यापासून मलवाहिनीपर्यंतचे काही हात अंतर ज्याने सांभाळले, त्याने पुढच्या मैलांचा हिशेब मंडळाला व पालिकेला अवश्य विचारावा.