‘छान झालंय’ म्हणण्याआधी : भ्रूणविकासाच्या प्रोजेक्टवर अभिप्राय कसा द्यायचा

एमएससीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, “ताई, जरा बघतेस का?” मग आपण पोस्टर वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालतो आणि सांगतो, “छान झालंय. फॉन्ट तेवढा मोठा कर.”

दोन वर्षांपूर्वी मी एका ज्युनिअरला अगदी हेच सांगितलं होतं. तिचा विषय होता कोंबडीच्या भ्रूणातल्या हृदयाच्या वळणावर कॅफिनचा परिणाम. भ्रूणात हृदय आधी एक सरळ नळी असते. मग ती नळी भ्रूणाच्या उजव्या बाजूला वाकते. भ्रूणाची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही, हे सहज डोळ्यांना दिसतं ते पहिल्यांदा इथेच. तिच्या कॅफिन दिलेल्या १२ भ्रूणांपैकी ४ मध्ये हृदय डावीकडे वळलेलं दिसत होतं. पोस्टरचं शीर्षकही तसंच ठसठशीत होतं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “हे फोटो कुठल्या बाजूने काढलेत?”

ती गप्प. मग तिने माझ्याकडे बघितलं.

झालं काय होतं? भ्रूण अंड्यातून काढताना आपण मधे भोक पाडलेला फिल्टर पेपर त्यावर ठेवतो, कडेने कापतो आणि कागदासकट उचलतो. डिशमध्ये ठेवताना कागद उलटा पडला, तर भ्रूणाची पोटाकडची बाजू वर येते. तेव्हा भ्रूणाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. सरळ आणि उलटे ठेवलेले भ्रूण एकाच रांगेत मोजले, की नॉर्मल हृदयसुद्धा ‘उलटं’ ठरतं. खरं तर उत्तर फोटोतच होतं. पोटाकडून बघितलं तर हृदय पुढे असतं, पाठीकडून बघितलं तर ते मज्जानलिकेच्या मागे असतं. तिने पुन्हा एकेक फोटो तपासला. चारपैकी तीन भ्रूण नॉर्मल निघाले. उरलेल्या एकावरून कॅफिनबद्दल काहीच म्हणता येत नव्हतं.

“ताई, तू वाचलं होतंस ना?” एवढंच ती म्हणाली. वाचलं होतं, पण तपासलं नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्याचं काम बघताना मी चार प्रश्न हाताशी ठेवते.

१. वय तासांत दिलंय की स्टेजमध्ये?

“४८ तासांचा भ्रूण” हे अर्धवट वर्णन आहे. हॅचरीतून आणलेली अंडी किती दिवस थंड ठेवली, इनक्युबेटरचं तापमान किती होतं, यावर वाढीचा वेग बदलतो. म्हणून हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ स्टेज ठरवल्या आणि त्या दिसणाऱ्या खुणांवर बांधल्या. मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना जे जोडीजोडीने ठोकळे दिसतात, ते सोमाइट. स्टेज १० ला त्यांच्या १० जोड्या असतात, स्टेज १२ ला १६. तेव्हा विचारा, “सोमाइट मोजलेस का?” समजा औषध दिलेला गट फक्त मागे राहिलाय. मग त्याचं हृदय कमी वळलेलं दिसणारच! तो हृदयातला दोष नाही, तो उशीर आहे.

२. फोटोत दिशा कळतेय का?

पाठ की पोट, डोकं कुठे, स्केल बार आहे का. माझ्या ज्युनिअरची गोष्ट यासाठीच सांगितली.

३. कंट्रोल नेमका कशाचा?

अंड्याला खिडकी पाडणं हाच भ्रूणाला एक धक्का असतो. त्यामुळे न उघडलेलं अंडं हा पुरेसा कंट्रोल नाही. खिडकी पाडून, तेवढंच सलाइन टाकून, तसंच बंद केलेलं अंडं हवं. मेलेले भ्रूण किती आणि ते मोजणीतून का वगळले, हेही विचारा. आणि मोजणाऱ्याला कुठलं अंडं कुठल्या गटातलं हे माहीत होतं का?

४. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच वाक्य सांगतंय का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘हे जनुक इथे चालू दिसतं’, ‘ते काढलं तर अवयव बिघडतो’ आणि ‘ते दुसरीकडे टाकलं तर तिथे अवयव तयार होतो’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावरून तिसरीवर उडी मारलेली दिसली की थांबवा.

कोंबडीच्या पंखाचंच बघा. सॉन्डर्स यांनी १९४८ मध्ये वाढत्या पंखाच्या अंकुराच्या टोकावरची पेशींची कड काढली, तेव्हा पंख अपुरा राहिला. म्हणजे ती कड गरजेची आहे. १९६८ मध्ये सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी अंकुराच्या मागच्या काठाचा तुकडा पुढच्या काठाला लावला, तर बोटांचा आरशातल्यासारखा दुसरा संच तयार झाला. १९८२ मध्ये टिकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या तुकड्याऐवजी रेटिनॉइक आम्ल लावलं तरी तसंच होतं. मग मागच्या काठाचा संदेश म्हणजे रेटिनॉइक आम्लच, असं वाटणं साहजिक होतं. पण १९९३ मध्ये सॉनिक हेजहॉग हे जनुक नेमकं त्या काठावर चालू असलेलं सापडलं, आणि रेटिनॉइक आम्ल लावल्यावर तेच जनुक नव्या जागी चालू होतं हेही दिसलं. प्रयोग खरा होता, पण निष्कर्ष एक पायरी पुढे गेला होता. एवढ्या मोठ्या लॅबमधल्या कामाबाबत हे होतं, तर आपल्या पोस्टरची काय कथा!

आता, सांगायचं कसं?

नेमकं बोट ठेवा. “रिझल्ट नीट नाहीत” याचा उपयोग शून्य. “आकृती २ मधला तिसरा भ्रूण पोटाकडून दिसतोय, बाकीचे पाठीकडून. बरोबर ना?” हे उपयोगी.

चूक, शंका आणि आवड वेगळी ठेवा. सोमाइट मोजलेच नसतील तर ती चूक. एखादी पायरी मला कळली नाही, ती शंका. कदाचित माझंच वाचन कमी पडत असेल. रंग आवडला नाही, ही आवड. ती शेवटी सांगा किंवा सांगूच नका.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगा. वीस बारीक दुरुस्त्यांखाली एक गंभीर प्रश्न दबला, तर समोरचा वीस दुरुस्त्या करतो आणि तो प्रश्न तसाच राहतो.

आणि वेळेत सांगा. छपाईच्या आदल्या रात्री कंट्रोलबद्दल विचारून फक्त झोप उडते. खरी मदत अंडी इनक्युबेटरमध्ये ठेवण्याआधी होते. प्रोजेक्टचा आराखडा घेऊन पंधरा मिनिटं बसा.

जे चांगलं आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. त्या ज्युनिअरने प्रत्येक भ्रूणाचा मूळ फोटो तारखेसकट जपून ठेवला होता. म्हणून तर चूक एका दुपारीत सापडली. हे मी तिला नंतर सांगितलं, आधीच सांगायला हवं होतं.

तिने शीर्षक बदललं आणि निकाल “परिणाम आढळला नाही” असा लिहिला. हल्ली माझ्या थीसिसचं प्रकरण मी आधी तिलाच वाचायला देते. परवा तिने समासात लिहून पाठवलं, “ताई, हा फोटो कुठल्या बाजूने?”