अजून खाली न उतरलेला वृषण

बाळाला न्हाऊ घालताना कधी आजीच्याच हाताला जाणवतं, एका बाजूची पिशवी रिकामी आहे. वृषण तयार होतात पोटात, मूत्रपिंडांजवळ. जन्माआधी ते जांघेतून खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या 100 मुलग्यांत साधारण तिघांचा हा प्रवास अर्धवट राहतो. पोटातली ऊब वृषणाला मानवत नाही. पिशवीत तापमान 2-3 अंशांनी कमी असतं.

6 महिने वाट पाहतात. मग ऑपरेशन.

जांघेत छोटा छेद घेऊन सर्जन वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी अलगद मोकळ्या करतात, म्हणजे लांबी मिळते. सोबत हर्निया असला तर तोही बांधतात. पिशवीच्या कातडीखाली खिसा करून वृषण त्यात बसवतात. बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी!

‘मोठा झाला की उतरेल’ हे शेजारपाजारचं ऐकू नका. 18 महिन्यांच्या आत हे काम उरकून घ्या.