साठीनंतरचे सारथ्य

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने गाडी वाकडी उभी केली किंवा वळणावर थोडा घोटाळा केला, की ती कोणाच्या तरी तोंडून हमखास निघते. आमचा अनुभव निराळा आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. मालट्रकवर किन्नर म्हणून आम्ही उमेदवारी केली, यथावकाश स्टिअरिंग हाती आले, आणि पुढे वाहन-कामगारांच्या संघटनेचे काम अंगावर पडले. या काळात साठीच्या आसपासचे पुष्कळ चालक आम्ही जवळून पाहिले. त्यांची बुद्धी नाठी झालेली नव्हती. घाटात गाडी कोणत्या गिअरमध्ये उतरवावी, समोरचा ट्रकवाला पेंगतो आहे की काय, हे त्यांना तरुणांपेक्षा अगोदर कळे. वयाबरोबर बिघडतात ते बहुधा प्रथम डोळा, मान आणि पाय. आणि ते इतके हळूहळू बिघडतात की ज्याचे त्यालाच शेवटी कळते. अशा चालकाला आणि रस्त्यावरच्या इतरांना सुरक्षित कसे ठेवावे, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम डोळ्याचे पाहू. चाळिशीत जवळचे दिसेनासे होते व चष्मा लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु गाडी चालवण्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे बदल पुढे होतात. वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतले भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. भर दुपारी हे जाणवत नाही, दिवेलागणीला जाणवते. दुसरा बदल डोळे दिपण्याचा. समोरच्याने अप्पर मारला की तरुणाची नजर लवकर सावरते, म्हाताऱ्याची सावरायला अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी पुढे गेलेली असते. तिसरी गोष्ट काचबिंदूची. या विकारात बहुधा दुखत नाही, समोरचेही दिसत राहते. पण कडेची नजर आत आत सरकत जाते. रस्त्याच्या कडेने येणारे मूल नेमके त्याच कडेला असते.

डोळे दिपण्याचे एक उदाहरण जगभर गाजले. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप 2019 च्या जानेवारीत, वयाच्या 97 व्या वर्षी, सँड्रिंगहॅमजवळ स्वतः मोटार चालवीत मोठ्या रस्त्यावर आले आणि दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली. त्यांची गाडी उलटली, दुसऱ्या गाडीतील दोन स्त्रिया जखमी झाल्या. खाली उतरलेल्या सूर्यामुळे समोरची गाडी दिसली नाही, असे त्यांनी मागाहून कळवले, आणि पुढच्याच महिन्यात आपला परवाना परत केला. राजवाड्यात मोटार हाकणारे दुसरे असतात, म्हणून परवाना परत करणे त्यांना जमले. ज्याचे पोटच परवान्यावर चालते त्याने काय करावे, याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

आता मान आणि पाय. चौकात उजवीकडे वळताना समोरून येणारी, डावीकडून येणारी आणि रस्ता ओलांडणारी माणसे एकदम पाहावी लागतात. मान आखडलेली असली की पाहणे अपुरे राहते. वयस्कर चालकांचे अपघात बेफाम वेगापेक्षा अशा चौकांत आणि वळणांवर अधिक होतात. पायाचे गणित तर कोणासही करता येईल. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ती 8 मीटर, म्हणजे एकापाठोपाठ उभ्या केलेल्या दोन मोटारींइतकी, पुढे जाते. ब्रेक लागायचा तो त्यानंतर. वेग ताशी 40 असेल तर तोच उशीर साडेपाच मीटरांचा होतो. शिवाय ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होते. पाय तरुण करता येत नाही, पण वेग कमी करणे आपल्या हाती असते.

औषधांचेही तसेच. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या व ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी गुंगी येते. रक्तदाबाच्या काही औषधांनी चक्कर येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्याने वेळेवर खाल्ले नाही तर साखर उतरून भोवळ येते. चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर रुग्ण गाडी चालवतो की नाही, हे प्रत्येक वेळी विचारीत नाहीत. ते आपण होऊन सांगितले पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी गाडी चालवण्याला वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात घेतलेला किंवा नवा केलेला परवाना साठीपर्यंत चालतो आणि पंचावन्ननंतर तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्याला नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. चांगल्या उजेडात 25 मीटरांवरची मोटारीची नंबरपाटी ओळखता येते का, लाल व हिरवा रंग कळतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न त्या दाखल्यात आहेत. प्रश्न चांगले आहेत. पण कित्येक ठिकाणी हा दाखला माणसाकडे न पाहताच भरला जातो, हे गाडीतळावरच्या कोणालाही विचारावे.

दाखला खोटा का होतो? डॉक्टर आळशी असतात एवढेच त्याचे कारण नव्हे. चालकालाही तो खोटाच हवा असतो. हे आम्हांस ज्या प्रकाराने कळले तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

2003 सालची गोष्ट. एका खाजगी मालवाहतूक कंपनीत आमची संघटना होती. पन्नाशीवरच्या सर्व चालकांचे डोळे तपासण्याची नोटीस मालकाने लावली. त्याचा हेतू आम्हांस ठाऊक होता. जुन्या माणसांचा पगार जास्त होता आणि ती त्याला काढावयाची होती. आम्ही संप पुकारला. चौथ्या दिवशी नोटीस मागे घेतली गेली. आम्ही गुलाल उधळला, भाषण केले, आमच्या गळ्यात हार पडले.

आठ महिन्यांनी त्याच कंपनीच्या एका चालकाने तिन्हीसांजेला एका हातगाडीवाल्याला उडवले. हातगाडीवाला फळे विकून घरी परतत होता. त्याचा एक पाय गेला. चालक दारू प्यालेला नव्हता, वेगात नव्हता. आम्ही कोठडीत त्याला भेटलो तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, दोन वर्षं झाली, दिवेलागणीला समोरचं धुकट दिसायचं. लायसनच्या वेळी रांगेत पुढच्यांचं ऐकून तक्त्यावरची अक्षरं पाठ केली. सांगितलं असतं तर मालकानं दुसऱ्या दिवशी हिशेब हातात ठेवला असता. धाकटीचं लग्न व्हायचं होतं.” पुढे सरकारी इस्पितळात त्याचे डोळे तपासले. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया करून थोड्या दिवसांत उरकले असते असे ते काम होते.

आम्ही हातगाडीवाल्याच्या घरीही गेलो. त्याच्या बायकोने आम्हांस पाणी दिले आणि विचारले, “दादा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या दिवसापासून आम्ही आमची मागणी बदलली. मालकाची नोटीस वाईट होती यात शंका नाही. पण तिला आमचे उत्तर अपुरे होते. ‘तपासणी नको’ असे म्हणण्याऐवजी ‘तपासणी हवी, पण तिच्यामुळे कोणाची भाकरी जाता कामा नये’ असे आम्ही म्हणावयास हवे होते. 2005 साली त्याच कंपनीशी आम्ही तसा करार केला. दरवर्षी तपासणी, खर्च मालकाचा, डॉक्टर दोघांच्या संमतीचा. उपचारासाठी पगारी रजा. रात्री दिसत नसेल त्याला दिवसाची ट्रिप, आणि गाडीवर बसणेच शक्य नसेल त्याला त्याच पगारावर गोदामात किंवा गाडीतळावर काम. पहिल्या तपासणीच्या आधीच दोघे चालक आपण होऊन आमच्याकडे आले आणि डोळ्यांची तक्रार सांगितली. कित्येकांना नुसता चष्मा बदलून भागले. मोतीबिंदू निघालेले शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गाडीवर बसले.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1995 च्या आणि त्यानंतर 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर असेच बंधन घातले आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामगाराला काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. एस.टी.च्या चालकाला या कलमाचा आधार आहे. खाजगी ट्रकवरच्या चालकाला तो नाही. त्याच्यासाठी करार हाच आधार.

घरातली गोष्टही फारशी वेगळी नाही. निवृत्त वडील स्कूटरवर मंडईत जातात, मोटार काढून लेकीच्या गावी जातात. ती गाडी त्यांच्या पोटाचा प्रश्न नसते, पण मानाचा असते. मुलगा एके दिवशी सर्वांदेखत किल्ली काढून घेतो. दुसऱ्या दिवसापासून वडील आपल्याला न दिसल्याचे, न ऐकू आल्याचे कोणाला सांगत नाहीत. आमच्या चालकाने केले तेच तेही करतात.

म्हणून प्रथम त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारावी आणि मुकाट्याने पाहावे. फाटकाला किंवा बंपरला नवे ओरखडे आहेत का? नेहमीचे वळण चुकते का? मागचे लोक वारंवार हॉर्न देतात का? ब्रेकच्या जागी दुसऱ्याच पेडलवर पाय पडतो का? मग एकांतात बोलावे: “बाबा, दिवसा तुम्हीच चालवा, रात्रीचं मी बघतो. आणि उद्या दोघंही डोळे दाखवून येऊ.” ‘दोघंही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोजच्या रस्त्यात घोटाळा होऊ लागला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून गाडी हाती देऊ नये. विस्मृतीच्या विकारात माणसाला आपली चूक कळतच नाही.

वयस्कर चालकांनी स्वतः करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. वर्षातून एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करावी. नुसता चष्म्याचा नंबर काढून काचबिंदू कळत नाही. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे जाणे शक्य तर टाळावे. पुढची काच आतूनही पुसावी, कारण आतल्या धुरकट थराने उजेड फाकतो. आसन इतके उंच असावे की नजर स्टिअरिंगच्या वरून जाईल. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की सावकाश मोजावे; आपण खांबाशी येईपर्यंत निदान चार आकडे झाले पाहिजेत. गर्दीच्या चौकात उजवीकडे वळण्यापेक्षा थोडा वळसा पडला तरी सिग्नलच्या चौकातून जावे. दुचाकीवाल्याने दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशीच गाडी ठेवावी आणि हेल्मेट गल्लीतसुद्धा घालावे. त्याच आपटण्याने तरुणाला खरचटते तेथे म्हाताऱ्याचे हाड मोडते.

आणि एक दिवस असा येतोच की गाडी सोडावी लागते. जपानात 75 वर्षांवरील चालकाला परवाना नवा करताना स्मरण व आकलनाची चाचणी द्यावी लागते. आपण होऊन परवाना परत करणाऱ्याला तेथे एक प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवल्यावर पुष्कळ ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. 2019 साली सुमारे सहा लाख लोकांनी असे परवाने परत केले. पण ज्या खेड्यांत बसच येत नाही तेथल्या म्हाताऱ्यांना परवाना सोडणे कठीण जाते. आपल्याकडे 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्या नागरिकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. हे चांगले झाले. मात्र सवलतीचा उपयोग गाडी वेळेवर आली आणि तिची पायरी गुडघ्याला झेपली तरच. आपल्या गावची बंद पडलेली फेरी पुन्हा सुरू करा, असा अर्ज आगारात देणे हेदेखील रस्ता-सुरक्षेचेच काम आहे.

त्या चालकाला शिक्षा झाली, ती भोगून तो गावी गेला. हातगाडीवाल्याने पुढे बसून करता येईल असा लहानसा धंदा काढला. संघटनेने त्याला भांडवलाला हातभार लावला. त्याने त्याचा पाय परत आला नाही. तपासणीची वेळ आली आणि कोणी चालक कुरकुर करू लागला, की आम्ही त्याला ही हकीकत सांगतो, आणि मग करारातले ते कलम वाचून दाखवतो. पुष्कळदा तो स्वतःच उठून रांगेत उभा राहतो.