घराचें उत्पन्न आणि घरांतील माणसें

घराच्या जमाखर्चाची वही उघडली, कीं तींत एकूण जमा दिसते आणि एकूण खर्च दिसतो. परंतु तव्यावरच्या पोळीचा कोणता चतकोर कोणाच्या पानांत पडला, हें त्या वहींत कोठेंच नसतें. मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांसही ही उणीव ध्यानांत येण्यास पुष्कळ काळ लागला. आमच्या वाचक-भगिनींस मात्र ती कोणीं शिकवावयास नको!

घरगुती उत्पन्नाचें शास्त्रशुद्ध मोजमाप फारसें जुनें नाहीं. १८५७ सालीं अर्न्स्ट एंगेल या जर्मन पंडितानें बेल्जममधील मजूर कुटुंबांचे हिशेब तपासून असा नियम काढला, कीं जों जों घराचें उत्पन्न वाढतें, तों तों त्यांतील अन्नाच्या खर्चाचा हिस्सा घटत जातो. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनीं हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न सरासरीनें अवघें २० रुपये असल्याचें दाखवून राज्यकर्त्यांस जाब विचारला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें, कीं १७७१ सालीं तेथें सरासरी ४० एकरांचें असलेलें शेत १९१४-१५ पर्यंत वांटण्या होत होत ७ एकरांवर आलें होतें. पुढें १९७१ सालीं पुण्याच्याच वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं दारिद्र्याची रेषा आंखली. १९६०-६१ च्या भावांनीं खेड्यांत माणशीं दरमहा १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये, ही ती रेषा होय.

या सर्व थोर उद्योगाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु हे सारे मोजणारे घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबले. घराचें उत्पन्न घ्यावयाचें, माणसांच्या संख्येनें भागावयाचें, आणि येईल तो भागाकार प्रत्येकाचा वांटा समजावयाचा, अशी त्यांची रीत. हा भागाकार किती फसवा असतो, हें आम्हीं स्वतःच्या घरांत पाहिलें आहे.

आमच्या लहानपणीं घरांत अकरा माणसें होतीं. त्यांत एक आमच्या विधवा काकू. वडिलांची मिळकत अकरांनीं भागली, तर काकूंच्या वांट्यास आमच्याइतकाच भाग येत असे. प्रत्यक्षांत काय होतें? त्यांच्या चष्म्याची एक काच तडकली, तेव्हां कित्येक महिने त्या तसल्याच काचेंतून तांदूळ निवडीत बसत. त्यांनीं मागितलें असतें तर कोणीं नाहीं म्हटलें नसतें, असें आम्ही पुष्कळ वर्षें मनाचें समाधान करीत आलों. परंतु एकाला मागावें लागतें आणि दुसऱ्याला लागत नाहीं, हीच तर विषमता! स्मृतिकारांनीं कुटुंबांतील अशा माणसांना ‘पोष्यवर्ग’ म्हटलें आहे. त्यांचें पोषण करणें हें कर्त्याचें कर्तव्यच. पण पोषण मिळणें निराळें आणि हातीं वांटा असणें निराळें.

अमर्त्य सेन यांच्यासारख्यांनीं आतां हा प्रश्न ऐरणीवर आणला आहे. त्याचा पुरावा इंग्लंडांत सांपडला. तेथें पूर्वीं मुलांपोटीं बापाच्या करांत सूट मिळे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती बंद होऊन तो पैसा आईच्या हातीं देण्यांत येऊं लागला. घर तेंच, मुलें तींच. बदलला तो पैसा घेणारा हात. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें, कीं त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या मानानें स्त्रियांच्या व मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. दक्षिण आफ्रिकेंतील वृद्धांच्या पेन्शनाविषयीं एस्थर डुफ्लो यांनीं २००३ सालीं असेंच लिहिलें. पेन्शन आजीला मिळालें, तर घरांतील नातींची प्रकृति सुधारली; आजोबांना मिळालें, तर तसा परिणाम आढळला नाहीं. आम्हां आजोबांनीं हें वाक्य दोनदां वाचण्यासारखें आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही २०२४ सालीं पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १५०० रुपये जमा करण्याची ‘लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. तिच्या राजकारणाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. पैसा कोणाच्या हातीं पडतो यालाही महत्त्व आहे, एवढेंच यांतून घ्यावयाचें.

कोणी म्हणेल, एकत्र कुटुंबांत ‘माझें-तुझें’ शिरलें म्हणजे घर मोडलेंच. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्त्रीधनाची कल्पना आपल्या धर्मशास्त्राइतकीच जुनी आहे. तिच्यामुळें घरें मोडलीं नाहींत. शिवाय सुखाचें मोजमाप माणूस शेजाऱ्याकडे पाहून करतो असें म्हणतात. मग ज्याच्या शेजारीं पाट मांडून रोज जेवावयाचें, त्याच्याकडे पाहून तो तें करणार नाहीं काय?

असो. पेन्शनींत निघाल्यावर आम्हीं एक लहानसा नियम केला. महिन्याच्या पहिल्या तारखेस सौभाग्यवतीच्या आणि आमच्याकडे राहणाऱ्या वडील बहिणीच्या हातीं ठराविक रक्कम ठेवावयाची आणि तिचा हिशेब मागावयाचा नाहीं. पहिल्या महिन्यांत त्या रकमेचें काय झालें, हें विचारण्याची आम्हांस अनावर इच्छा झाली. विचारलें मात्र नाहीं. वहींत त्या रकमेपुढें ‘खर्च’ लिहावयास हात गेला होता. तो आवरून ‘वांटा’ असें लिहिलें.